सेंट लुशियाची चौथी बाजू

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशिया या बेटावर आम्ही पती-पत्नी शिडाच्या नौकेतून एक आठवडा हिंडून आलो. परत आल्यापासून शेजारी, नातेवाईक आणि जुने सहकारी एकच विचारतात, कसे होते? "सुंदर होते" एवढे उत्तर त्यांना हवे असते, आणि ते घेऊन ते समाधानाने घरी जातात. ज्यांना दुसरे उत्तर चालेल त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

निवृत्त होईपर्यंत मी नागपूरच्या एका दैनिकात डेस्कवर बातम्या तपासत होतो. बातमीदाराने कॉपी आणून टाकली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "स्वतः पाहिलं का?" उत्तरात "असं समजलं" किंवा "लोक म्हणतात" आले की कॉपी परत. या सवयीमुळे मी कोणाचा फार लाडका नव्हतो आणि पर्यटनाच्या पुरवणीत मला कधी लिहू दिले गेले नाही.

पत्नी सुनंदा भूगोल शिकवत असे. तिचे माहेर उमरेडचे, विणकरांचे. घरात माग, अंगणात सूत, आणि समुद्र फक्त भिंतीवरच्या नकाशात. शाळेतल्या निरोप समारंभात ती उठली आणि म्हणाली, "चारही बाजूंनी पाण्यानं वेढलेला जमिनीचा भाग म्हणजे बेट. हे मी इतक्या पोरांकडून पाठ करून घेतलं. मी स्वतः एकही बेट चारही बाजूंनी पाहिलं नाही." शिक्षकवर्ग हसला. ती हसली नव्हती. टोरांटोला राहणाऱ्या आमच्या मुलीने ते भाषण फोनवर पाहिले आणि परस्पर ही सहल ठरवून टाकली. पुस्तिकेवर मोठ्या अक्षरांत छापले होते: 'शिडाच्या नौकेतून बेटाभोवती'. सुनंदाने 'भोवती' या शब्दावर विश्वास ठेवला. मी ठेवला नाही; पण माझे कोणी विचारले नव्हते.

विमानप्रवासाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

रॉडनी बे

बेटाच्या वायव्य टोकाला हे बंदर आहे. बंदर म्हटल्यावर माल, हमाल, शिवीगाळ अपेक्षित असते. येथे काठावर चकचकीत नौका ओळीने बांधलेल्या असतात आणि त्यांतल्या बहुतेक कुठेच जात नाहीत. मालक मंडळी त्यांवर बसून दुसऱ्यांच्या नौकांकडे पाहतात. आमच्याकडे लग्नाच्या हॉलबाहेर गाड्या लावून लोक असेच उभे असतात.

आमच्या नौकेच्या नावाचा अर्थ 'शांतता' असा होता. तिचे इंजीन जवळजवळ सतत चालू असे. बेटाच्या पश्चिमेला डोंगर वारा अडवतात, त्यामुळे शीड बहुतेक वेळ गुंडाळलेलेच राहते. दुसऱ्या दिवशी ते एकदा उघडले, प्रवाशांनी त्याखाली उभे राहून फोटो काढले, आणि पुन्हा गुंडाळले. ऐशआराम म्हणून ज्याची जाहिरात होती त्यात संडासाचे पाणी हाताने पंप मारून बाहेर काढायचे होते. नरखेडला मेहुणीच्या मळ्यातला हातपंप वीज आल्यावर काढून टाकला. येथे तो सुट्टीचा भाग आहे.

नौकेवर आम्ही पाच जण. कप्तान कथबर्ट, बेटावरचाच, पन्नाशीचा, मोजके बोलणारा. आम्ही दोघे. आणि इंग्लंडचे एक जोडपे, ग्रॅहम व पेनी. ग्रॅहम निवृत्त दंतवैद्य. तो प्रत्येकाशी असे बोले, की जणू समोरच्याचे तोंड उघडे आहे आणि त्याला उत्तर देणे शक्य नाही. पेनी प्रत्येक गोष्टीला "लव्हली" म्हणे. खाडी लव्हली, उशी लव्हली, मी नागपूरचा आहे हेही लव्हली.

पहिल्या संध्याकाळी कथबर्टने टेबलावर नकाशा पसरला. आंब्याच्या आकाराचे बेट, देठ उत्तरेला. त्याने पश्चिम काठाने बोट खाली नेले, दक्षिणेच्या जरा अलीकडे थांबवले आणि त्याच वाटेने वर आणले.

"आणि ही बाजू?" सुनंदाने पूर्वेवर बोट ठेवले.

"तो अटलांटिक आहे, मॅडम. तिकडे कोणी जात नाही."

"कोणीच नाही?"

"कोळी जातात. त्यांना जावंच लागतं."

"पण पुस्तिकेत बेटाभोवती असं लिहिलंय."

"पुस्तिका ऑफिसात बसून लिहितात," कथबर्ट म्हणाला. "त्यातला एकही माणूस मी नौकेवर पाहिलेला नाही."

त्या आठवड्यात ऐकलेले हे पहिले छापण्याजोगे वाक्य.

सुनंदाने हट्ट सोडला नाही. शेवटी कथबर्टने नियम सांगितला. हवा बरी असेल आणि नौकेवरचे सगळे प्रवासी एकमताने तयार असतील, तर तो दक्षिण टोकाला वळसा घालून पूर्वेने वर येईल. वारा तोंडावर असेल, लाटा मोठ्या असतील, वाटेत थांबायला जागा नाही. एकानेही नको म्हटले तर नाही.

"आम्ही विश्रांतीसाठी आलोत," ग्रॅहम म्हणाला. "समुद्र तो समुद्रच. हो ना, पेनी?"

"ती बाजूही लव्हलीच असेल," पेनी म्हणाली, "पण नको."

केबिनमध्ये आल्यावर सुनंदा बर्थवर बसून राहिली. केबिन एवढी लहान, की एकाने बसल्याशिवाय दुसऱ्याला उभे राहता येत नसे.

"झालं मग," ती म्हणाली. "तीन बाजू पाहून वापस."

"काय फरक पडते वं? सगळीकडून सारखंच दिसते बेट. पाणी अन् झाडं."

"तीन बाजूंनी पाणी म्हणजे द्वीपकल्प होते जी. द्वीपकल्पात तर आपण जन्मापासून राहून राहिलो. त्याच्यासाठी इतक्या दूर काहून आलो?"

"तिकडं पाहण्यासारखं काही नसन म्हणूनच कोणी जात नाही."

तिने चष्मा काढला. "स्वतः पाहिलं का तुम्ही?"

मी झोपलो.

मॅरिगो

दोन टेकड्यांमधली ही खाडी बेटावर सर्वांत सुंदर मानली जाते. नारळाची एक रांग, त्याखाली वाळूचा पट्टा, मागे हॉटेल. नौका आत शिरली तेव्हा वेगवेगळ्या नौकांवरची माणसे एकाच नारळाचा एकाच बाजूने फोटो काढत होती. त्या जागी आधीच एवढे फोटो निघालेले आहेत की ती पाहायला जाण्याचे खरे तर कारण उरत नाही. जाऊन माणूस फक्त फोटो खरा असल्याची खातरजमा करतो.

झावळ्यांनी सजवलेल्या होडीतून एक फळवाला आला. त्याच्याकडे केळी, फणसासारखे दिसणारे पण फणस नसलेले एक फळ, आणि संत्री. संत्री हिरवी होती.

"जगात यापेक्षा गोड मिळणार नाही," तो म्हणाला.

सुनंदाने एक हातात घेऊन वजन पाहिले, नखाने साल दाबली, वास घेतला. मेहुणीची संत्र्यांची बाग नरखेडला असल्यामुळे या बाबतीत सुनंदाशी कोणी वाद घालत नाही.

"चाखू द्या एक."

"चाखायला नाही. विश्वास ठेवा."

तिने विश्वास ठेवून घेतले. आत बिया अधिक, रस कमी. नरखेडच्या आठवडी बाजारात विकणाऱ्याने न विचारता फोड हातावर ठेवली नाही तर गिऱ्हाईक पुढे जाते. येथे गिऱ्हाईक नौकेत अडकलेले असते, त्यामुळे चवीची गरज पडत नाही. पेनीनेही एक खाल्ले. ते काय होते, हे वाचकाने ओळखले असेल.

सकाळच्या न्याहारीला कथबर्टने 'हिरवी अंजिरे आणि खारा मासा' केला. अंजीर म्हणजे अंजीर नव्हे, उकडलेली कच्ची केळी. बेटाचा हा मानाचा पदार्थ आहे. खाऱ्या माशात मीठ होते आणि केळ्यात काहीच नव्हते. दोन्ही एका घासात खाल्ले की सरासरी बरी येई. सुनंदाने वरून हिरवी मिरची मागितली. कथबर्टने बरणीतली पिवळी मिरची दिली. ती गोल, भोकराएवढी, आणि खरोखर तिखट होती. सुनंदाने मान डोलावली. त्या दोघांचे बोलणे त्यानंतर वाढले.

सुफ्रिएर

येथे दोन सुळके आहेत. बेटाच्या झेंड्यावर, बाटलीवर, टोपीवर आणि विमानतळाच्या भिंतीवर तेच असतात. प्रत्यक्षातही ते तसेच दिसतात. इतके अंतर तोडून आलेल्या माणसाचा हा एक प्रकारे अपमान आहे.

गावाबाहेर ज्वालामुखी आहे. त्याच्या तोंडापर्यंत मोटारीने जाता येते, ही त्याची ख्याती. खड्ड्यात करडे पाणी उकळते, सडक्या अंड्यांचा वास येतो, बाजूला कोमट चिखलाचे कुंड आहे. तो चिखल अंगाला फासून लोक वाळत बसतात. ग्रॅहमही बसला. त्याने मला बोलावले. "छिद्रं मोकळी होतात," तो म्हणाला. गरम वाफ, उकाडा आणि धूळ या गोष्टींची मे महिन्यात नागपूरला घरबसल्या सोय आहे, असे मी त्याला सांगितले. पेनीला ते लव्हली वाटले.

येथपर्यंतच नौका येणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड उत्तरेकडे. दुपारी सुनंदाने ग्रॅहमला पुन्हा विचारले. तिने हवामानाचा अंदाज कथबर्टकडून आणला होता. दोन दिवस वारा नेहमीपेक्षा कमी राहणार होता.

"माय डिअर," ग्रॅहम म्हणाला, "तुमच्या देशाने जगाला संतोष शिकवला. आहे त्यात समाधान. तुम्हीच असं केलंत तर कसं?"

सुनंदाने इतकी वर्षे शेवटच्या बाकावरच्या पोरांना तोंड दिले आहे. तिने त्याला बोलू दिले.

मग ग्रॅहम त्याच्या आवडत्या विषयावर आला. भारतीय जेवण. तो दर शुक्रवारी इंग्लंडमध्ये करी खातो. सर्वांत तिखट मागवतो. वेटर त्याला थांबवतात, तरी खातो. "मला घरच्यासारखं लागतं ते," तो म्हणाला.

"खरंच?" सुनंदा म्हणाली. "मग आज मी करते."

बॅगेत सावजी मसाल्याचे पुडके होते. नागपूरच्या इतवारी बाजारातून घेतलेले, चार पिशव्यांत गुंडाळलेले, तरी आमच्या सगळ्या कपड्यांना त्याचा वास लागला होता. उमरेडच्या विणकरांच्या घरातला हा रस्सा. काळा, तेलाचा जाड थर असलेला. काळी मिरी, लवंग, दगडफूल आणि लाल मिरची यांनी भरलेला, ज्वारीच्या पिठाने दाट केलेला. पीठही तिने सोबत आणले होते. नागपूरलाही सगळ्यांना तो पेलत नाही. बाहेरून बदलून आलेले अधिकारी पहिल्यांदा खातात आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकतात.

कथबर्टने गावातून कोंबडी आणली. मसाला तेलात पडला तेव्हा तो खोकत वर गेला आणि नौकेच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. बाजूच्या नौकेवरून कोणीतरी काही जळते आहे का, असे विचारले.

सूर्य मावळताना आम्ही डेकवर जेवायला बसलो. पुढे जे झाले ते नीट सांगणे आवश्यक आहे, कारण यात दोष कोणाचाच नव्हता.

पहिल्या घासाला ग्रॅहमचे कान लाल झाले. पेनी पाणी प्यायली, मग सगळ्यांचे पाणी प्यायली. पण इंग्रज माणूस यजमानणीसमोर ताटात टाकत नाही. ते उद्धटपणाचे मानतात. दोघांनी घाम पुसत पुसत ताट स्वच्छ केले.

आणि आमच्याकडे स्वच्छ ताट म्हणजे काय, हे सांगायला नको. सुनंदाने डाव उचलला.

"अजून थोडं," ती म्हणाली.

"नको, नको, छान होतं," ग्रॅहम म्हणाला.

आमच्याकडे पहिल्या नकोला कोणी मोजत नाही. तिने वाढले. त्याने ते संपवले. रिकामे ताट पाहून तिने पुन्हा वाढले. ताटात थोडे सोडून दिले असते, तर ती थांबली असती. पण तेवढेच ते करू शकत नव्हते. तिने वाढायचे थांबवले असते, तर ते थांबले असते. पण तेवढेच तिला येत नव्हते. दोन्ही बाजू आपापल्या घरचे शिष्टाचार शेवटपर्यंत पाळत होत्या.

कथबर्टने एकदाच घेतले, बोटे चाटली, ताटाच्या कडेला एक हाड आणि थोडा भात ठेवला आणि हात वर केले. तिने त्याला पुन्हा विचारले नाही.

"दर शुक्रवारी खाता ना तुम्ही?" तिने ग्रॅहमला विचारले. त्याने मान हलवली. त्याला बोलता येत नव्हते.

पेनीने त्या जेवणाला लव्हली म्हटले नाही. 

संडास एकच होता, आणि तो हातपंपाचा. पहाटेपासून पंपाचा आवाज थांबला नाही. त्याबद्दल एवढेच. सकाळी ग्रॅहम कथबर्टच्या आधाराने डेकवर आला आणि म्हणाला, की किनाऱ्यावर एका हॉटेलात खोली मिळते का पाहा. अट एकच, खोलीला पक्का संडास हवा. ते तेथेच राहतील आणि नंतर टॅक्सीने रॉडनी बेला येतील. कथबर्टने त्यांना लहान होडीतून काठावर सोडले. जाताना ग्रॅहमने सुनंदाचे आभार मानले. इंग्रजांच्या सभ्यतेबद्दल माझे मत चांगले नाही, पण हे मला नोंदवले पाहिजे.

"मुद्दाम केलं का वं तू?" मी विचारले.

"काय?"

"रस्सा."

"पाहुण्याच्या ताटात काही नाही, अन् मी पाहत बसू का जी?" ती म्हणाली. "तुम्ही पण कायच विचारून राहिले."

तिच्या चेहऱ्यावरून काही समजले नाही. इतक्या वर्षांच्या संसारानंतर मी या मुद्द्यावर निश्चित काही छापू शकत नाही.

कथबर्ट परत आला, होडी बांधली आणि आमच्यासमोर उभा राहिला.

"आता प्रवासी दोन," तो म्हणाला. "मॅडमचं मत मला माहीत आहे."

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. माझे मत त्या आठवडाभर मी स्पष्टपणे मांडले होते. तिकडे काही नाही, सगळीकडून बेट सारखेच, जाण्यात अर्थ नाही. त्यात बदल झाला नव्हता.  सुनंदा दोरीच्या एका सुट्या टोकाचे सूत बोटाने सरळ करत होती, जसे तिचे वडील मागावर बसून करत.

"अर्धी बातमी छापता येत नाही," मी म्हणालो. "जाऊ."

व्यू फोर

बेटाचे दक्षिण टोक. विमानतळ, कंटेनरचा धक्का, मासळीबाजार. पाहण्यासारखे काहीच नसल्यामुळे डोळ्यांना विश्रांती मिळाली. येथे आम्ही सकाळची वाट पाहत नांगर टाकला.

संध्याकाळी गावात रस्त्याकडेच्या टपरीवर 'रोटी' खाल्ली. मोठी पोळी, आत बटाटा आणि कोंबडी, पाकिटासारखी घडी. टपरीवाली काळीसावळी, उंच, केसांवर जाळी.

"तुम्ही इंडियन," ती म्हणाली. "माझ्या आजोबांचे आजोबाही. ऊस तोडायला जहाजातून आणले होते."

"कुठले?" सुनंदाने विचारले.

"इंडियाचे."

"हो, पण कुठले?"

"ते कोणी लिहून नाही ठेवलं, डार्लिंग. तुमचं गाव समुद्रावर आहे?"

"नाही. नागपूर. चारही बाजूंनी जमीन."

टपरीवालीचा कलथा हातातच राहिला. "चारही बाजूंनी? मग तुम्ही जाता कुठं?"

"कुठंच नाही जात," मी म्हणालो.

"गेले ना आता," सुनंदा मराठीत म्हणाली. पोळीची घडी तिने उलगडून पाहिली, मसाल्यात जिरे आहे, धणे नाहीत, असे मला सांगितले, आणि टपरीवालीला हातानेच छान अशी खूण केली. ती घडी खरोखर चांगली होती. मी हे लिहिण्याचे टाळणार होतो.

पूर्व

उजाडताच निघालो. टोकाला वळसा घालेपर्यंत पाणी ठीक होते. मी मागच्या बाजूला कठड्याला टेकून उभा होतो. खिशात वही, हातात पेन. पूर्व किनाऱ्याचे वर्णन जसे दिसेल तसे जागेवरच लिहायचे, असे ठरवले होते.

मग पहिली लाट आली. नौका वर गेली, तेथे क्षणभर विचार करत थांबली आणि पडली. पेन गेले. दुसऱ्या लाटेला वही गेली. तिसऱ्या लाटेला मी कथबर्टला काहीतरी विचारायला तोंड उघडले, आणि त्यातून प्रश्न आला नाही.

त्याने मला दंडाला धरून खाली नेले, बर्थवर आडवे केले आणि हातात बादली दिली. "डोळे मिटा, सर," तो म्हणाला. मी मिटले. उघडले की छताची फळी फिरत असे.

पूर्व किनाऱ्याच्या प्रवासाबद्दल माझी प्रत्यक्ष माहिती पुढीलप्रमाणे आहे. बादली निळी होती. फळीला दोन खिळे कमी होते. नौकेच्या प्रत्येक आपटीला स्वयंपाकाच्या ओट्याखाली उरलेल्या सावजी मसाल्याचा डबा वाजत होता, आणि त्याचा वास त्या परिस्थितीत सहन होण्यापलीकडचा होता. जिन्याच्या चौकटीतून मला सुनंदाचे पाय गुडघ्यापर्यंत दिसत. शाळेच्या सहलीला ती घालत असे तेच कॅनव्हासचे बूट. एक पाय पुढे, एक मागे, कमरेला बांधलेल्या दोरीचे टोक घोट्याजवळ लोंबत होते. नौका कलली की ते पाय कलत, पण जागचे हलत नसत.

"काय दिसते?" मी एकदा ओरडलो.

"थांबा जी! पाहून राहिली!"

नंतर केव्हातरी पुन्हा विचारले. "आलं का काही?"

 वर कथबर्ट काही बोलला आणि ती हसली. ते हसणे मी अनेक वर्षांत ऐकले नव्हते. शाळेतून ती असे हसत घरी येत असे, नोकरी नवीन होती तेव्हा. मी बादलीत तोंड घातले.

उत्तरेचे टोक ओलांडल्यावर समुद्र एकदम गप्प झाला. मी वर आलो तेव्हा रॉडनी बेच्या नौका समोर ओळीने उभ्या होत्या, मालक त्यांवर बसले होते, कोणाच्या तरी स्पीकरवर गाणे चालू होते. सुनंदाचे केस मिठाने पांढरे आणि ताठ झाले होते. तिच्या हाताला दोरीचे वळ होते. तिने मला पाणी दिले.

"झालं?" मी विचारले.

"हव. झालं."

दुसऱ्या दिवशी ग्रॅहम आणि पेनी सामान न्यायला आले. दोघे उतरलेले, पण बरे. ग्रॅहमने विचारले, "मग? होतं काही तिकडे?"

"चौपाटी नव्हती," सुनंदा म्हणाली. "हॉटेल नव्हतं."

"म्हणजे आमचं काही गेलं नाही," ग्रॅहम पेनीला म्हणाला.

"काही नाही गेलं," सुनंदा मायेने म्हणाली आणि नागपूरहून आणलेला संत्रा बर्फीचा शिल्लक डबा पेनीच्या हातात दिला. पेनीने झाकण उघडण्याआधी ग्रॅहमकडे पाहिले.

नागपूर

हे लिहायला बसलो तेव्हा पूर्व किनाऱ्याजवळ येऊन अडलो. मला जे शिकवले होते आणि मी जे दुसऱ्यांना शिकवले, त्यानुसार येथे लिहिण्याचा मला अधिकार नव्हता. शेवटी सुनंदाला समोर बसवले आणि बातमीदाराला विचारतात तसे विचारले. ती मेथी निवडत होती.

"कडे होते का?"

"होते. काळे. सरळ पाण्यात उतरलेले."

"वस्ती?"

"फार कमी. एका ठिकाणी खडकावर एक माणूस गळ टाकून बसला होता. त्यानं हात केला. मी पण केला."

"आणखी?"

तिने विचार केला. "आपल्या इतवारीत कशी दुकानं राहतात? समोरून काच अन् लाइटं. अन् मागच्या बोळीत गेलं की पोती, पाण्याची टाकी, दोरीवर कपडे. खरं दुकान तिकडंच राहते. तसं. बेट पाठमोरं होतं. त्याले माहीत नव्हतं कोणी पाहून राहिलं म्हणून."

"अन् लाटा?"

"मोठ्या. येऊन आपटायच्या, पुन्हा यायच्या. मागे नुसतं पाणी. नजर जाते तिथवर पाणी. कथबर्ट म्हणे, सरळ गेलं तर आफ्रिका." तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "झाली का तुमची बातमी?"

मी तेवढे लिहून काढले आणि कागद तिच्यासमोर ठेवले. या वर्णनातला पूर्व किनारा दुसऱ्याने सांगितलेला आहे. डेस्कवर असतो तर अशी कॉपी मी परत पाठवली असती, आणि बातमीदाराला दोन शब्दही सुनावले असते.

सुनंदाने चष्मा लावला आणि सगळे वाचले. फळवाला, ज्वालामुखी, सुळके, ग्रॅहम. कुठे थांबली नाही, कुठे हसली नाही. फक्त रश्श्याच्या जागी जरा रेंगाळली. मग तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, पहिल्या पानावर परत आली, बेटाच्या व्याख्येतल्या 'चारही बाजूंनी' या शब्दांखाली रेघ ओढली आणि समासात, वह्या तपासताना करत असे तशी, बरोबरची खूण केली.

"एवढं बरोबर आहे," ती म्हणाली. "हे मी पाहिलं. बाकीचं तुमचं तुम्ही पाहा."